नाइटचा किताब, आणि खाट कुणाची?

मा. संपादक महोदय,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर-पानावर एक फोटो छापून आला. वर्धा रोडवरच्या हॉटेलचं सभागृह, व्यासपीठावर पाच-सहा जण काळ्या झग्यात, झग्यावर आठ टोकांचा पांढरा क्रॉस, आणि गुडघ्यावर बसलेल्या एका गृहस्थाच्या खांद्यावर तलवारीचं पातं टेकवलेलं. मथळा होता, ‘नागपूरच्या सुपुत्राला कॅथलिक नाइट किताब’. नाइट म्हणजे जुन्या युरोपातला सरदार-योद्धा. खाली मजकुरात हा ‘व्हॅटिकनच्या परंपरेतला सर्वोच्च सन्मान’ असल्याचं म्हटलं होतं आणि एका ठिकाणी, का कोण जाणे, ‘टेम्पलर’ हा शब्दही घुसडला होता.

ते गृहस्थ कोण, हा माझ्या पत्राचा विषय नाही. भले असतील, कदाचित फसलेही असतील. पण बातमी आल्यापासून मोहननगरच्या कॅथेड्रलच्या आवारात मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर दुसरं बोलणं नाही. चार-पाच जणांच्या मोबाइलवर तर अर्जाचा नमुनाही येऊन पडलाय. नाव, पत्ता, दोन फोटो, ‘प्रवेश-देणगी’, झग्याचे पैसे वेगळे, पदकाचे वेगळे. एकाने मला विचारलं, “सिस्टर, आपल्या समाजाची मान उंच होत असेल तर काय वाईट?” त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं, पण ऊन फार होतं आणि मला जिना उतरायचा होता. म्हणून ते इथे लिहिते.

मी निवृत्त परिचारिका. माहेर वसईचं, यजमान रेल्वेत गार्ड, म्हणून नागपुरात आले आणि इथलीच झाले. उभी हयात वॉर्डात गेली. कॅथलिक असल्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे, आणि नर्स असल्यामुळे त्याहून जास्त. कारण ज्या क्रॉसखाली तो फोटो काढला, तो मुळात आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचा क्रॉस आहे. तलवार त्याला मागून चिकटली.

आधी बातमीपुरतं बोलते. व्हॅटिकनच्या सचिवालयाने १६ ऑक्टोबर २०१२ रोजी याच बाबतीत एक खुलासा काढला होता. पोप स्वतः देतात ते संत ग्रेगरी, संत सिल्व्हेस्टर वगैरे नावांचे मोजके किताब सोडले, तर परमगुरूंचं, म्हणजे पोपचं, पीठ नाइट लोकांचे दोनच संघ मानतं. एक, ऑर्डर ऑफ माल्टा. दुसरा, जेरुसलेमच्या पवित्र कबरीचा, म्हणजे येशूच्या कबरीचा, संघ. बाकी कुणाच्या प्रमाणपत्राला, पदकाला आम्ही काडीची किंमत देत नाही आणि असल्या ‘दीक्षाविधी’साठी चर्च वापरू देणं आम्हाला योग्य वाटत नाही, असा त्या खुलाशाचा सरळ आशय आहे. वर्धा रोडवरचा कार्यक्रम हॉटेलात का झाला, हे त्यावरून समजायला हरकत नाही. आणि टेम्पलर म्हणाल, तर तो मध्ययुगातला लढवय्या नाइट लोकांचा संघ पाचवे क्लेमेंट पोप असताना १३१२ मध्येच बरखास्त झाला. आज जो स्वतःला टेम्पलर म्हणवतो, त्याला ते नाव त्यानेच दिलेलं असतं. खऱ्या दोन संघांत कुणी अर्ज टाकून, पैसे भरून शिरत नाही. आधीच्या सदस्यांनी माणूस पारखायचा असतो, त्याने काय काम केलंय ते बघायचं असतं, मग बोलावणं येतं. प्रवेश त्यानंतरही तयारीचा काळ पार केल्यावरच.

एवढं सांगून पत्र संपवता आलं असतं. पण मला खंत वेगळीच आहे. फसवणुकीची बातमी उद्या विरून जाईल. मूळ गोष्ट काय होती, ती मात्र कुणालाच ठाऊक नसते. आमच्या लोकांनाही नाही. विचारलं की ‘क्रूसेडवाले ना ते?’ एवढंच. म्हणजे जेरुसलेमसाठी मुसलमानांशी धर्मयुद्ध करायला गेलेले.

अकराव्या शतकाच्या मध्याला इटलीतल्या अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये, पवित्र कबरीच्या मंदिराजवळ, यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा काढली. राज्य तेव्हा मुसलमानांचं. त्यांच्या परवानगीनेच ती निघाली. तिथे जेरार्ड नावाचा साधा ब्रदर, म्हणजे धर्मबंधू, आजाऱ्यांची देखभाल करायचा. १०९९ मध्ये क्रूसेडवाले शहराला वेढा घालून बसले तेव्हा हा माणूस आतच होता. त्याची एक आख्यायिका सांगतात. तटावरून शत्रूवर दगड फेकायचं काम त्याला दिलं, तर तो बाहेरच्या भुकेल्यांना पाव फेकत राहिला. पकडून नेलं तेव्हा झग्यातल्या पावांचे दगड झालेले होते. खरं-खोटं देव जाणे. शहर पडल्यावरही त्याने हातात घेतलं ते तेच काम. १५ फेब्रुवारी १११३ रोजी दुसरे पास्कल पोप यांनी त्याच्या धर्मशाळेला स्वतंत्र संघ म्हणून मान्यता दिली. हाच पुढे ऑर्डर ऑफ माल्टा झाला. म्हणजे जन्म दवाखान्याच्या पोटी झाला, छावणीत नव्हे.

जेरार्डनंतर आलेल्या रेमंड द्यु पुई यांनी संघाची नियमावली लिहिली. तिच्यात आजाऱ्याला ‘आमचे धनी’ म्हटलंय. धनी! पेशंट दारात आला की आधी त्याचा पापनिवेदनाचा आणि ख्रिस्तप्रसादाचा विधी, मग त्याला उचलून खाटेवर न्यायचं, आणि ब्रदर लोकांनी स्वतःच्या ताटावर बसण्याआधी त्याला धन्यासारखं जेवू घालायचं. घराची ऐपत असेल तसं, पण आधी त्याला.

आणि आता ११८२ सालची गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत ताठ बसले. त्या वर्षी संघाने आपल्या जेरुसलेमच्या रुग्णालयासाठी ठराव केले. चार जाणते वैद्य ठेवायचे. प्रत्येक खाट माणसाला नीट पडता येईल एवढी लांब-रुंद हवी, प्रत्येकीवर स्वतःची चादर आणि स्वतःचं पांघरूण. प्रत्येक वॉर्डात नऊ सेवक. त्यांनी आजाऱ्यांचे पाय हलक्या हाताने धुवायचे, चादरी बदलायच्या, खाटा घालायच्या. यात्रेकरू बायका तिथे बाळंत झाल्या तर तान्ह्यांसाठी वेगळे छोटे पाळणे, म्हणजे आईच्या कुशीत दबून पोराला इजा व्हायला नको. आणि आजाऱ्याला रात्री संडासला जाता यावं म्हणून अंगावर घ्यायला मेंढीच्या कातड्याचा झगा, पायात बूट, डोक्याला लोकरीची टोपी.

हा ठराव लिहिणाऱ्या माणसाने नाइट ड्यूटी केलेली होती. पैज लावते. ज्याने कधी रात्री दोन वाजता पेशंटला हात धरून संडासापर्यंत नेलं नाही, त्याला बूट सुचणारच नाहीत.

मी ज्या मोठ्या रुग्णालयात हयात काढली, तिथे पावसाळ्यात खाटांपेक्षा पेशंट नेहमी जास्त. व्हरांड्यात सतरंज्या, दोन खाटांमध्ये सतरंज्या. हँडओव्हर घेताना ‘फ्लोअर’ असा वेगळा आकडाच सांगितला जायचा. धुलाईहून चादरी वेळेत आल्या तर आम्ही त्या दिवशी नशीबवान. मधुमेहाने पाय सडलेले एक काकाजी गडचिरोलीकडून आले होते. सोबत कुणी नाही. वॉर्डाच्या दाराशी ठेवलेल्या त्यांच्या चपला पहिल्याच रात्री गेल्या. मग ते अनवाणीच, भिंत धरधरून, ओल्या फरशीवरून संडासला जायचे, आणि सकाळी ड्रेसिंग सोडलं की पट्टी खालून काळी, चिंब. सोफ्रामायसिन मलमापेक्षा त्यांना स्लीपरची जास्त गरज होती, आणि स्लीपर इंडेंटमध्ये, म्हणजे वॉर्डाच्या सामानाच्या मागणीत, बसत नाही. शेवटी घरून यजमानांची जुनी जोडी आणली. पाय धुवायला तसराळं घेऊन बसले की ते दर वेळी पाय मागे ओढायचे. “राहू द्या ना सिस्टर, मले पाप लागन.” आज्ञा गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा मला अजून त्यांचाच पाय दिसतो. बोटं तीनच होती.

ऑर्डर ऑफ माल्टाची आध्यात्मिक ओळख काय, असं कुणी विचारलं तर मी तसराळ्यापाशीच बोट दाखवीन. त्यांचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे. मराठीत सांगायचं तर श्रद्धेचं रक्षण आणि गरिबांची सेवा. आमच्याकडचे लोक पहिला अर्धा भाग ऐकून छाती काढतात. पण त्या संघात हे दोन अर्धे सुटे नाहीत. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, येशू शेवटच्या न्यायाचं चित्र काढतो. मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही काय केलंत, एवढाच तिथे प्रश्न आहे. आजारी माणूस ‘धनी’ का, तर खाटेवर ख्रिस्तच आहे म्हणून. झग्यावरच्या क्रॉसची आठ टोकं म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली आठ धन्यवचनं, ‘धन्य ते’ अशी. त्यांत पहिलंच दीनांचं, पुढे नम्रांचं, दयाळूंचं, शांती करणाऱ्यांचं. तलवारीवाल्यांचं एकही नाही.

या संघात आजही अशी मोजकी माणसं आहेत, जी गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा ही तिन्ही व्रतं घेतात. ती धर्मसंघातलीच माणसं. दुसऱ्या वर्गातले आज्ञाधारकपणाचं वचन देतात. बहुसंख्य मात्र तिसऱ्या वर्गातले, संसारी स्त्री-पुरुष. सगळे मिळून सुमारे १३,५००, आणि त्यांच्याबरोबर राबणारे स्वयंसेवक सुमारे ८०,०००. पूर्वी प्रमुख होण्यासाठी खानदान लागायचं. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये नवी घटना लागू केली, त्यात ती अट गेली. ३ मे २०२३ रोजी निवडून आलेले सध्याचे प्रमुख जॉन डनलॅप कॅनडाचे वकील आहेत.

आता तलवारीबद्दल. तिच्यावर पांघरूण घालणार नाही. बाराव्या शतकातच संघाने शस्त्रं घेतली. यात्रेकरूंच्या रक्षणासाठी म्हणून घेतली, मग किल्ले आले, मोहिमा आल्या. १२९१ मध्ये आक्र हे शेवटचं मोठं ठाणं पडलं आणि पवित्र भूमी सुटली. मग सायप्रस, ऱ्होड्स. ऱ्होड्स सुलतान सुलेमानने १५२२ मध्ये जिंकलं. १५३० मध्ये पाचव्या चार्ल्स बादशहाने माल्टा बेट दिलं, भाडं वर्षाला एक ससाणा. १५६५ चा वेढा त्यांनी परतवला आणि त्याच्या पोवाड्यांवर युरोप अजून जगतो. पण त्याच माल्टात गुलामांचा बाजार भरायचा, पकडलेल्या मुसलमानांना साखळ्या घालून गलबतांवर वल्ही मारायला लावायचे. १७९८ मध्ये नेपोलियनने बेट घेतलं तेव्हा कुठे ते गुलाम सुटले. हे आमच्या फादरांनी प्रवचनात सांगावं अशी माझी इच्छा आहे; सांगत नाहीत. श्रद्धेचं रक्षण गरिबाच्या सेवेपासून तोडलं की हे असं होतं, आणि ते फक्त आमच्याच धर्मात होतं असंही नाही.

तरी त्याच माल्टात, व्हॅलेटा शहरात, त्यांचं रुग्णालय होतं. एकच वॉर्ड सुमारे दीडशे मीटर लांब. पेशंटचं जेवण चांदीच्या ताटात. चांदीचं ताट स्वच्छ राहतं हे एक, आणि धन्याला मडक्यात कसं वाढायचं हे दुसरं. तरुण नाइट मंडळींना पाळीपाळीने वॉर्डात वाढप करावं लागे. मोठमोठ्या सरदारांच्या पोरांनी, बरं का. ती चांदी पुढे फ्रेंचांनी वितळवली. बेट गेलं, आरमार गेलं, १८३४ पासून संघ रोममध्ये एका वाड्यात राहतो. ना गाव ना शिवार, तरी शंभराहून जास्त देश त्यांच्याशी राजनैतिक संबंध ठेवतात, आणि १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांत त्यांचा कायम निरीक्षक बसतो. राज्य गेल्यावर जे शिल्लक राहिलं ते सुरुवातीचंच काम होतं. बेथलेहेममध्ये, येशूच्या जन्मस्थानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, १९९० पासून ते बाळंतपणाचं रुग्णालय चालवतात. तिथे येणाऱ्या बहुतेक आया मुसलमान आहेत. अकाली जन्मलेल्या बाळांची तिथे सोय आहे. ११८२ च्या पाळण्यांची मला आठवण झाली.

मे महिन्याच्या सुरुवातीला हेच लोक आजाऱ्यांना घेऊन फ्रान्समध्ये लूर्द या तीर्थक्षेत्री जातात. फोटो पाहिलेत मी: मोठ्या हुद्द्यांवरची माणसं घामाघूम होऊन आजाऱ्यांच्या गाड्या ओढताहेत.

विदर्भातल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. १९५८ पासून या संघाची एक शाखा जिनिव्हाहून कुष्ठरोगाविरुद्ध काम करते. कंबोडियात त्यांचं मोठं केंद्र आहे. आपण तर दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन या नावांवर वाढलेली माणसं. मनोहर दिवाण, शिवाजीराव पटवर्धन, बाबा आमटे यांच्यापैकी कुणाच्या खांद्यावर तलवार टेकवलेली नव्हती. पण त्यांनी काय केलं ते जेरार्डला एका नजरेत कळलं असतं.

पवित्र कबरीच्या संघाबद्दल थोडक्यात: एक मोठा आणि चार लहान अशा पाच तांबड्या क्रॉसचं चिन्ह, सुमारे ३०,००० सदस्य, आणि पवित्र भूमीतल्या ख्रिस्ती माणसाला तिथे टिकून राहता यावं, एवढंच काम. शाळा, चर्च, गरिबांना मदत यांचा खर्च जेरुसलेमच्या लॅटिन, म्हणजे कॅथलिक, धर्मपीठामार्फत ते उचलतात. त्यांचा झगाही दिमाखदार आहे. पण त्याच्यामागे पवित्र भूमीतल्या शाळांची फी उभी आहे.

कुणी म्हणेल, मग कॅथलिक नाही तो खोटा का? तसंही नाही. आमच्या घरी कपाटात यजमानांचा एक बिल्ला आहे, आठ टोकांच्या क्रॉसचा. अजनीला असताना त्यांनी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं. रेल्वेत बहुतेकांना ते ठाऊक असतं. ती संस्था इंग्लंडातल्या सेंट जॉन संघाची, ज्याला व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये सनद दिली. प्रॉटेस्टंट परंपरेतले असे चार संघ जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन आणि इंग्लंडात आहेत, आणि माल्टावाले त्यांना आपले भाऊबंद मानतात. का, तर त्यांच्याकडे ॲम्ब्युलन्स आहेत, स्ट्रेचर आहेत, काम आहे. इटारसी लाइनवर एका गँगमनचा रक्तस्राव यजमानांनी स्वतःच्या रुमालाने बांधून थांबवला होता. त्या बिल्ल्याला कुणी ‘सर’ म्हटलं नाही.

आणि हॉटेलातला झगा? लग्नात भाड्याने आणलेल्या फेट्यासारखा, रात्री बाराच्या आत परत करायचा. आमच्या लोकांना तो का हवासा वाटतो, ते मला कळतं. थोडक्या माणसांचा समाज, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्याबद्दल फार माहिती नाही, मग पेपरात फोटो आला की बरं वाटतं. मानद डॉक्टरेट विकत घेणारे आपल्या शहरात काही फक्त ख्रिस्ती नाहीत. पण पेपरने तरी छापण्याआधी सेमिनरी हिल्सपर्यंत एक फोन करायला काय हरकत होती? तिथे पाद्री घडवणारी मोठी सेमिनरी आहे, म्हणून तर त्या टेकडीला ते नाव. कुणीही पाच मिनिटांत सांगितलं असतं.

माझी आपल्याला दोन कामांची विनंती आहे. एक, त्या बातमीचा खुलासा त्याच पानावर, त्याच आकारात छापा. दुसरं, असा कार्यक्रम पुन्हा कळवला गेला तर आपल्या वार्ताहराने व्यासपीठावरच्या माणसाला विचारावं की आपल्या संघाच्या नावावर कुठे, किती खाटा आहेत, आणि ‘प्रवेश-देणगी’ कोणत्या खात्यात जाते. उत्तर मिळालं तर तेही छापा, मी आनंदाने वाचीन.

पत्र लांबलंय, माहीत आहे. जागेअभावी कापायचं झालं तर माल्टाचा वेढा, ससाणा, सुलतान खुशाल कापा. ११८२ ची यादी मात्र राहू द्या, बुटांसकट.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मोहननगर, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये)